उशिरा पेरलेला गहू: युरिया दोनदा टाकायचा की तीनदा?

दौंड-शिरूर पट्ट्यात ऊस तुटून जाईपर्यंत डिसेंबर उजाडतो, आमच्याकडे यंदाही तोडणी टोळीची वाट बघण्यात नोव्हेंबर संपला, मग पेरणी झाली आणि लगेच घरात वाद सुरू, युरिया किती नि कधी. आमचे चुलते म्हणतात तीनदा टाक, मी म्हणतो दोनदाच.

आधी डोस बघा. वेळेवरच्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र (युरियातून मिळतं ते नायट्रोजन), उशिराच्याला साधारण 90, म्हणजे एकरी 36 किलो. उशीर झालाय म्हणून जास्त खत टाकून भरून काढू हे डोक्यातून काढा, 15 नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला एकरी क्विंटलभर घट धरतात ती थंडीचे दिवस कमी मिळतात म्हणून, युरियाने थंडी येत नाही!

दोन हप्त्यांचा हिशोब सोपा आहे. पेरताना एकरी डीएपीची (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) एक गोणी, त्यात 9 किलो नत्र आलं, सोबत 20 किलो युरिया, त्यातही साधारण तेवढंच, झाला अर्धा डोस. उरलेला 39-40 किलो युरिया 21व्या दिवशी पहिल्या पाण्याला, कारण तेव्हा मुकुटमुळं (बुडाशी येणारी कायमची मुळं) फुटतात आणि फुटवे, म्हणजे बुडातून निघणाऱ्या जास्तीच्या काड्या, तिथेच ठरतात. युरिया टाकला की मात्र लगेच पाणी द्या, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ओल्या मातीवर तो नुसता पसरून ठेवला तर निम्मं काम हवा करते. आणि उसाचं पाचट रानात गाडलेलं असेल तर पेरणीचा हप्ता अजिबात कापू नका, कुजताना ते नत्र स्वतःच ओढून घेतं.

तीन हप्त्यांत तिसरा 40-45 दिवसांनी जातो. मुरमाड, हलक्या रानात हे पटतं, तिथे खत पाण्याबरोबर खाली निघून जातं म्हणून थोडं थोडं दिलेलं बरं, तिथे चुलत्यांचं बरोबर. पण भारी रानात 10 डिसेंबरला पेरलेल्या गव्हाला तिसरा हप्ता जानेवारीच्या शेवटी मिळणार, मार्च लागला की ऊन चढतं, दाणा भरायच्या आत पीक पिवळं पडायला लागतं, मग ते नत्र पानंच हिरवी ठेवतं, गहू लोळायची, म्हणजे आडवा पडायची, भीती वेगळीच. म्हणून माझं मत, भारी रान असेल तर दोनच हप्ते आणि पुढे पीक फिकट वाटलं तर 55 आणि 70 दिवसांनी 19:19:19 या विद्राव्य खताची (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) फवारणी, 10 लिटरला 200 ग्रॅम. (नॅनो युरियाच्या, म्हणजे फवारायच्या पातळ युरियाच्या, बाटलीत नत्र ग्रॅममध्ये असतं, 45 किलोच्या गोणीत 20 किलोच्या वर, त्यामुळे बाटलीच्या भरवशावर गोणी सोडू नका.)

पेरणीलाच सगळा युरिया टाकून मोकळं होणारेही आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं, मजूर वाचतो एवढंच.

आणि 15 डिसेंबर उलटून गेला असेल तर मात्र हिशोब करत बसू नका, सरळ चाऱ्याची मका किंवा भाजीपाला बघा.