सप्ताहाच्या कीर्तनासाठी वायरलेस माइक: कॉलरचा की कानाचा, यूएचएफ की २.४ गिगाहर्ट्झ?

हरिनाम सप्ताहाची वर्गणी जमली की माइकचा विषय निघतोच. दुकानात पहिली चौकशी होते कंपनीची आणि किमतीची. माझं मत वेगळं आहे. माइक बुवांच्या अंगावर कुठे बसणार हे आधी ठरवा, मग लहरींचा पट्टा ठरवा, कंपनी सगळ्यात शेवटी.

हातातला वायरलेस माइक सूत्रसंचालन, सत्कार आणि भाषणासाठी उत्तम. तो ओठांजवळ राहतो, म्हणून आवाज भरीव येतो आणि शिट्टीही कमी मारतो. पण वारकरी कीर्तनात बुवांचे दोन्ही हात बोलत असतात, नारदीय कीर्तनात हातात चिपळ्या किंवा झांजा असतात. तेव्हा हा पर्याय इथेच बाद.

खरी निवड कॉलर माइक आणि हेडसेट, म्हणजे कानाचा माइक, यांच्यात आहे. कॉलर माइक दिसत नाही, चटकन लागतो, ज्येष्ठ कीर्तनकारांना त्याची सवय असते. पण तो बहुधा चारही बाजूंचं सारखंच ऐकतो आणि तोंडापासून वीतभर खाली असतो. मागे टाळकऱ्यांच्या रांगा, बाजूला पखवाज. गजर सुरू झाला की त्या माइकमध्ये बुवांपेक्षा टाळच जास्त शिरतात. निरूपणात बुवा आवाज खाली आणतात, मिक्सरवरचा मुलगा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती खिटी) वर ढकलतो आणि मंडप शिट्टी मारतो. त्यात गळ्यात हार पडतो, उपरणं घासतं, आणि प्रत्येक खरखर भोंग्यातून गावभर जाते.

हेडसेटचं गणित साधं आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज ६ डेसिबलने उतरतो. हेडसेटचा माइक ओठांपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर, कॉलरचा वीस सेंटिमीटरवर. अंतर तीनदा दुप्पट झालं, म्हणजे १८ डेसिबलचा फरक. हा फरक मिक्सरच्या कुठल्याही बटणाने भरून निघत नाही, कारण गेन, म्हणजे माइकच्या सिग्नलची वाढ, चढवला की टाळही तेवढेच वाढतात. शिवाय बुवा विणेकऱ्याकडे वळले तरी माइक तोंडासोबत वळतो.

हेडसेटची अडचण फेट्याची. तो फेटा बांधण्याआधी कानावर चढवावा लागतो, आणि त्यासाठी बुवांना दहा मिनिटं आधी गाठावं लागतं. माइकचं टोक ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा, समोर नको. समोर आलं की ‘प’ आणि ‘भ’ धडधडतात. घामाचा त्रास असतो, म्हणून फोमच्या जास्तीच्या टोप्या घेऊन ठेवा. इतकं करूनही उभ्या कीर्तनाला मी हेडसेटच सुचवेन. बसून होणारं प्रवचन, पारायणाचं व्यासपीठ किंवा फक्त पेटी-तबल्यावर सभागृहात होणारं नारदीय कीर्तन असेल तर कॉलर माइक पुरतो, तिथे जादा पैसे घालू नका.

आता पट्टा. २.४ गिगाहर्ट्झच्या सेटला परवाना लागत नाही, तो छोटा असतो, स्वतःच मोकळी जागा शोधतो, चालू केला की जोडला जातो. डिजिटल असल्यामुळे आवाज काही मिलीसेकंद उशिरा पोहोचतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात आहेत, आणि या लहरी माणसाच्या अंगातल्या पाण्यात बऱ्याच विरतात. दुपारी रिकाम्या मंडपात चाचणी झकास होते. रात्री हजार माणसं हजार मोबाइल घेऊन बसली की ऐन निरूपणात शब्द गळायला लागतात. शाळेच्या वर्गात, छोट्या खोलीत, व्हिडिओसाठी हा सेट छान. भरल्या मंडपात माझा त्यावर भरवसा नाही.

यूएचएफ, म्हणजे इथे काहीशे मेगाहर्ट्झवर चालणारा सेट, तिथे टिकतो. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५० सेंटिमीटर, २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा. लांब लहर माणसांना जास्त सहज वळसा घालते. मात्र खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या. ७०० ते ८०० मेगाहर्ट्झमधला सेट स्वस्त मिळाला तरी नको: २०२२ च्या लिलावात त्यातला पट्टा जिओने ५जीसाठी घेतला. ८०० आणि ९०० च्या आसपास मोबाइल आधीपासून आहेच. दूरदर्शनचे बहुतेक जुने ॲनालॉग टॉवर बंद झाल्यामुळे ५०० ते ६०० चा भाग आता बराच मोकळा सापडतो. दुकानदाराला आणखी एक विचारा: रिसीव्हरच्या (माइकचा सिग्नल पकडणाऱ्या डब्याच्या) दोन्ही अँटेना एकाच माइकसाठी आहेत ना? जोडीच्या स्वस्त सेटमध्ये बऱ्याचदा एकेका माइकला एकेकच अँटेना असते, आणि मग एकीचा सिग्नल पडला की दुसरी सावरून घेत नाही.

चार वायरलेस माइक घेण्याचा मोह टाळा. ६००, ६०१ आणि ६०२ मेगाहर्ट्झवर तीन माइक लावले तर पहिल्या दोघांच्या मिसळीतून (६०१ ची दुप्पट वजा ६००) बरोबर ६०२ वर तिसरा सिग्नल तयार होतो आणि तिसऱ्या माइकमध्ये घुसतो. म्हणूनच सेटमध्ये ठरवून दिलेल्या गटातलेच चॅनल वापरायचे. त्याहून सोपं, वायरलेस फक्त बुवांना द्या. गायक, पेटी आणि पखवाज जागचे हलत नाहीत, त्यांना वायरचे माइक लावा.

जोडणीत सगळ्यात जास्त चुकतं ते रिसीव्हरच्या जागेत. तो मंडपाच्या मागे मिक्सरजवळ ठेवला की मध्ये सगळा जनसमुदाय येतो. रिसीव्हर स्टेजच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर, अँटेना व्हीसारख्या फाकवून ठेवा आणि मिक्सरपर्यंत वायर लांबवा. कमरेच्या ट्रान्समीटरची (माइकचा सिग्नल सोडणाऱ्या डबीची) अँटेना घामेजल्या अंगाला चिकटू देऊ नका. गेन ‘हॅलो हॅलो’ वर लावू नका. बुवांना गजराच्या पट्टीत एक चरण म्हणायला सांगा आणि लाल दिवा पेटणार नाही इथवरच न्या. एलईडी पडदे, लाइट, सगळं चालू करूनच मोकळा चॅनल शोधा. सेल रोज नवे, किंवा चार्जेबल असतील तर दोन जोड्या आलटून पालटून. आणि बुवांच्या हाताला येईल असा वायरचा एक माइक स्टँडवर जोडून, फेडर खाली ओढून, सातही दिवस तयार असू द्या.