साधं सिट्रुलिन की सिट्रुलिन मॅलेट? काही महिने वापरल्यानंतर

तयार प्री-वर्कआउटमध्ये (व्यायामाआधी घ्यायच्या मिश्र पावडरीत) दहा घटक एकत्र असतात, त्यामुळे लागू कोणता पडला ते कळत नाही. म्हणून सिट्रुलिन या अमिनो ॲसिडची सुटी पावडर आणून, क्रिएटिन आणि कॉफीचं प्रमाण तेच ठेवून, एका वेळी एकच प्रकार अशी ही तुलना.

आर्जिनिन हे दुसरं अमिनो ॲसिड आधीच बाजूला काढलं. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड आर्जिनिनपासूनच तयार होतं, मग थेट तेच का घेऊ नये? कारण पोटात गेलेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतड्यात आणि यकृतातच खर्ची पडतो. सिट्रुलिन मात्र यकृताला चुकवून पुढे जातं, मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन होतं आणि रक्तातली आर्जिनिनची पातळी त्यानेच जास्त चढते. आर्जिनिनचा डोस दहा ग्रॅमकडे गेला की जुलाबाची शक्यता वाढते, हेही आहेच.

खरा प्रश्न मॅलेटचा. मॅलेट म्हणजे सिट्रुलिन अधिक मॅलिक ॲसिड. डब्यावर २:१ लिहिलेलं असेल आणि ते वजनाने असेल, तर ८ ग्रॅम पावडरीत ५.३ ग्रॅम सिट्रुलिन. १:१ असेल तर फक्त ४. प्रमाण छापलेलंच नसेल तर तो डबा घेऊ नका. छापलेलं असूनही खात्री नसते: २०१८ च्या एका अभ्यासात २:१ म्हणून घेतलेली पावडर तपासली, तर प्रमाण १.११:१ निघालं. म्हणून बॅचनुसार लॅब रिपोर्ट देणारा विक्रेता बघा.

८ ग्रॅम हा आकडा गाजला तो २०१० च्या अभ्यासामुळे. त्यात बेंच प्रेसच्या शेवटच्या सेटला सुमारे ५३ टक्के जास्त रेप्स (वजन उचलण्याच्या आवृत्त्या) निघाले होते. नंतरच्या कित्येक अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, आणि प्रत्यक्षातही दिसत नाही. पंप, म्हणजे स्नायू रक्ताने भरून फुगल्याची जाणीव, मात्र येतो, आणि १०-१५ रेप्सच्या शेवटच्या सेटमध्ये कधी एखाद-दुसरा रेप जास्त. तीन-चार रेप्सच्या जड डेडलिफ्टला काडीचाही फरक नाही. पाणी कमी प्यायलं असेल किंवा जेवणात भात-पोळी सोडली असेल तर पंपही नाही. तेव्हा पावडरीला दोष देऊ नये. हाताला मुंग्या येत असतील तर त्या बीटा-ॲलनिन या प्री-वर्कआउटमधल्या दुसऱ्या घटकाच्या, सिट्रुलिनच्या नव्हेत.

मॅलिक ॲसिडमुळे वेगळी ताकद मिळते असं सांगतात. सिट्रुलिनचं वजन सारखं ठेवल्यावर साध्यात आणि मॅलेटमध्ये फरक ओळखता आला नाही. फरक चवीचा. मॅलेट कैरीसारखं आंबट, रिकाम्या पोटी काहींना जळजळ होते, आणि घोट घोट पीत बसलं तर दातांवर आम्ल राहतं. एका दमात पिऊन चूळ भरा. साधं सिट्रुलिन जवळजवळ बेचव. गार पाण्यात दाणे तळाशी बसतात. ३०० मिली साध्या पाण्यात ढवळून पाच मिनिटं ठेवलं की विरघळतं.

मात्रा: साधं ६ ग्रॅम किंवा २:१ मॅलेट ८-९ ग्रॅम, व्यायामाच्या ४५ ते ६० मिनिटं आधी. डब्यातल्या चमच्यावर विसंबू नका, भुकटी दाबून भरली की वजन बदलतं. ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या. कॅप्सूल सोयीची वाटते, पण ७५० मिलिग्रॅमची असेल तर ६ ग्रॅमसाठी आठ गिळाव्या लागतात.

किंमत पावडरीच्या नाही, सिट्रुलिनच्या ग्रॅमवर काढा. समजा ३०० ग्रॅम २:१ मॅलेट १,५०० रुपयांना आहे: आत सिट्रुलिन २०० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला साडेसात रुपये. साधं २५० ग्रॅम १,८०० ला मिळालं तर ७.२० रुपये. महाग दिसणारा डबाच स्वस्त. आंबट चव आवडत असेल तरच मॅलेट, एरवी साधं.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघडा डबा गठ्ठा होतो, मॅलेट जास्त. ओला चमचा घालू नका, सिलिका जेलची पुडी आतच राहू द्या. गठ्ठा फोडून वापरता येतो, पण तेव्हा चमच्याचं माप अजिबात चालत नाही, काट्यावरच मोजा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. छातीदुखीसाठीची नायट्रेटं किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेणाऱ्यांनी तर यातलं काहीच घेऊ नये, दाब एकदम खाली येऊ शकतो.