बेस कॅम्पहून सरस ठरलेल्या आडवाटा : खुंबूतील पंधरा दिवसांच्या ट्रेकचे परीक्षण

काठमांडूच्या एका ट्रेकिंग कंपनीमार्फत आम्ही चौघांनी मागच्या ऑक्टोबरात नेपाळमधल्या खुंबू या एव्हरेस्टच्या परिसरात एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक केला. कंपनीचे मूळ पॅकेज लुक्ला (विमानाने जिथे उतरून चालायला सुरुवात होते ते गाव) ते लुक्ला बारा दिवसांचे होते. आम्ही त्यात हट्टाने तीन दिवस वाढवून घेतले, दोन आडवाटांच्या चढायांसाठी आणि एक उतरताना धावपळ होऊ नये म्हणून. हे परीक्षण मुख्यतः त्या वाढीव दिवसांचे आहे, कारण मुख्य वाटेविषयी पुष्कळ लिहून झाले आहे आणि, खरे सांगायचे तर, घरी परतल्यावर आम्ही ज्या जागांविषयी बोलत राहिलो त्यांत बेस कॅम्पचा क्रमांक बराच खाली लागतो.

कंपनीच्या पत्रकात नामचे आणि दिंगबोचे या वाटेवरच्या दोन गावी प्रत्येकी एक ‘विश्रांतीचा दिवस’ छापला होता. हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी, हा विरळ हवेतला सर्वमान्य नियम आहे. मात्र त्या जादा दिवशी खोलीत पांघरूण घेऊन पडून राहण्याऐवजी दिवसा वर चढून रात्री खाली झोपायला आल्यास शरीर उंचीला लवकर रुळते. आडवाटांची खरी जागा याच दिवसांत आहे, आणि जो गाईड त्या दिवशी गटाला लॉजच्या शेगडीपाशी बसू देतो तो आपले काम अर्धेच करतो.

नामचेच्या (३४४० मीटर) दिवशी बहुतेक गट एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (३८८० मीटर) जातात, महागडी कॉफी घेतात आणि जेवायला खाली येतात. आम्ही तिथून पुढे खुमजुंग आणि खुंदे ही दोन्ही गावे फिरून संध्याकाळी परतलो, आणि हा जादा फेरा अगदी सार्थकी लागला. एडमंड हिलरी यांनी १९६१ साली उभारलेली शाळा, माथ्यावर कुणीही पाऊल ठेवायचे नाही असा शेर्पांचा पवित्र खुंबिला पर्वत आणि गोम्पात (बौद्ध मठात) कुलूपबंद ठेवलेला ‘यतीचा टाळू’, म्हणजे हिममानवाची म्हणून दाखवली जाणारी डोक्याची कातडी, एवढे सगळे या एका फेऱ्यात पाहून होते. हा टाळू १९६० साली हिलरी यांनी तपासणीसाठी परदेशी नेला होता आणि तो सेरो या डोंगरी प्राण्याच्या कातड्याचा असल्याचा निष्कर्ष निघाला. गावकऱ्यांनी तो तरीही कुलपातच ठेवला आहे आणि दक्षिणापेटीही शेजारीच आहे.

पहिला वाढीव दिवस आम्ही पांगबोचे गावाहून आमा दब्लाम या शिखराच्या बेस कॅम्पसाठी वापरला. गावाखालच्या पुलावरून इम्जा खोला ही नदी ओलांडली की समोरचा चढ सुरू होतो. आधी खुरटी झुडपे, मग पिवळे पडलेले गवताळ पठार, आणि सुमारे ४६०० मीटरवर तंबूंची रांग. जाण्यास आम्हाला तीन तास लागले, परतण्यास दोनसुद्धा नाहीत. शरद ऋतूत ट्रेकला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : एव्हरेस्टच्या मोहिमा मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात, त्यामुळे छायाचित्रांत दिसणारे पिवळ्या तंबूंचे गाव ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला नसते. आमा दब्लामचा हंगाम मात्र नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो. दोरांची वेटोळी, दगडांवर वाळत घातलेले मोजे, स्वयंपाकाच्या तंबूतून येणारा फोडणीचा वास आणि कड्यावरच्या ठिपक्यांकडे दुर्बीण रोखून बसलेला कुणीतरी, असा जिवंत बेस कॅम्प आम्ही इथे पाहिला. ६८१२ मीटरच्या या शिखराच्या छातीवर एक लोंबती हिमनदी आहे. शेर्पा स्त्रिया गळ्यात जो ताईत घालतात त्याला दब्लाम म्हणतात, आणि या हिमनदीमुळे शिखराचे नाव पडले ‘आईचा ताईत’. दूरवरून ही उपमा ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. पायथ्याशी उभे राहिल्यावर शंका उरत नाही.

सर्वांत उत्तम चढाई कोणती, असे विचारल्यास माझे उत्तर दिंगबोचेच्या मागचा नांगकारत्शांग हा डोंगर हेच असेल. गाव ४४१० मीटरवर आहे आणि माथा ५०८३ मीटरवर, म्हणजे आतकरवाडीहून सिंहगडाला जेवढे चढावे लागते जवळजवळ तेवढेच. पण जो चढ आम्ही दर रविवारी दीड तासात संपवतो त्याला इथे पावणेचार तास लागले. वीस पावले टाकायची, काठीवर रेलायचे, श्वास जागेवर आला की पुन्हा वीस पावले. आमचे गाईड दाई (नेपाळीत थोरला भाऊ) मागून केवळ ‘बिस्तारै, दिदी, बिस्तारै’, म्हणजे ‘हळूहळू, ताई’, एवढेच म्हणत राहिले आणि एकदाही पुढे गेले नाहीत, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. माथ्याआधीचा शेवटचा टप्पा मोठमोठ्या शिळांवरून, हात टेकत जावा लागतो. ज्यांचे डोके दुखत असेल त्यांनी खालच्या पताकांपासूनच परत फिरावे. तेवढ्यानेही शरीराचे काम होते. वर पोहोचल्यावर पूर्वेला मकालू हे शिखर दिसते, जे मुख्य वाटेवरून दिसत नाही. पश्चिमेला तबोचे आणि चोलात्से ही शिखरे, आणि त्यांच्या पायथ्याशी सांडलेल्या दौतीसारखे निळे तळे. खाली दिंगबोचेची दगडी बांधांनी आखलेली जव-बटाट्याची शेते. आम्ही खिशातून चिक्की काढली तसे पिवळ्या चोचीचे दोन डोंगरकावळे हातभर अंतरावर येऊन बसले आणि चिक्की संपेपर्यंत हलले नाहीत.

दुसरा वाढीव दिवस चुखुंग गावाचा. दिंगबोचेहून तिथवरची (४७३० मीटर) वाट सौम्य आहे, ल्होत्से शिखराची दक्षिण भिंत संपूर्ण वेळ डाव्या हाताला असते, आणि याच भिंतीवर १९८९ साली मृत्यू पावलेले पोलिश गिर्यारोहक येझी कुकुच्का यांचे स्मारक या परिसरात आहे. गावावरच्या चुखुंग री (५५४६ मीटर) या माथ्याची चढाई करायची असेल तर चुखुंगला मुक्काम करणे श्रेयस्कर. दिंगबोचेहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत कंपनीने सुचवला होता. अकराशे मीटरहून अधिक चढाचा तो बेत आम्ही नाकारला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

एव्हरेस्ट पाहण्यासाठी चढतात तो कालापत्थर (५५४५ मीटर) हा माथा आडवाट म्हणावी की मुख्य वाट, हा प्रश्नच आहे, पण त्या चढाईच्या वेळेविषयी माझी कंपनीशी ठाम असहमती आहे. पत्रकाप्रमाणे पहाटे चारला निघून सूर्योदय पाहायचा, आणि त्याच दिवशी खालच्या फेरिचे गावापर्यंत उतरायचे, असा बेत होता. एव्हरेस्ट पूर्वेला असल्याने सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागून येतो, शिखर काळे दिसते, आणि थंडीने बोटांइतकीच फोनची बॅटरीही गारठते. आम्ही कालापत्थरखालच्या गोरकशेप या मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचलो त्याच दुपारी तीनला निघालो. खालचे खोरे सावलीत बुडाल्यावर आधी शेजारचे नुप्त्से शिखर आणि शेवटी एकटा एव्हरेस्ट तांबूस राहिला, साधारण दहा मिनिटे. उतरताना अंधार होतो, तेव्हा हेडलॅम्प आणि जाडे हातमोजे सोबत असलेच पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेस कॅम्पला (५३६४ मीटर) गेलो. तिथून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही, हे कंपनीने आधी सांगायला हवे होते. समोर खुंबूचा हिमप्रपात आहे, तो पाहण्याजोगा आहे. बाकी एका रंगवलेल्या शिळेपुढे फोटोसाठी लागलेली रांग. आम्ही अर्ध्या तासात परतलो आणि खाली लोबुचे या मुक्कामाच्या ठिकाणीच थांबलो.

पत्रकात गोक्योची तळीही ‘ऐच्छिक भेट’ म्हणून छापली होती. गोक्यो ही आडवाट नव्हेच; चोला खिंड (५४२० मीटर) ओलांडून किंवा खालून मोठा वळसा घालून तिथे जावे लागते, आणि बारा दिवसांत ते बसत नाही. त्याऐवजी परतीच्या वाटेवर नामचेला एक दिवस शिल्लक असेल तर जवळच्या थामे गावाला जावे. तेनझिंग नोर्गे यांचे बालपण जिथे गेले त्या या गावाचा बराच भाग १६ ऑगस्ट २०२४ रोजी वरचे हिमतलाव फुटून आलेल्या पुरात उद्ध्वस्त झाला होता. आमच्याकडे तो दिवस उरला नव्हता, ही या दौऱ्यातली माझी एकमेव हळहळ.

कंपनीचे गाईड उत्तम, लॉजची निवड ठीक, आखणी मात्र नकलून छापलेली, असे माझे मत आहे. खरी तक्रार वेगळीच आहे. वाढीव तीन दिवसांची पोर्टरची मजुरी आमच्याकडून आगाऊ घेतली होती. लुक्लाला शेवटच्या रात्री गप्पांच्या ओघात कळले की पोर्टर भाईंना हिशेब बाराच दिवसांचा सांगितला होता. गाईड दाईंनी काठमांडूला तीन फोन केल्यावर रात्री साडेनऊला फरकाची रक्कम कबूल झाली, आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसण्यापूर्वी ती त्यांच्या हातात पडलेली आम्ही पाहिली. पॅकेजमध्ये दिवस वाढवून घेणाऱ्यांनी गाईड आणि पोर्टर यांची वाढीव मजुरी करारात वेगळी लिहून घ्यावी आणि त्याची प्रत लुक्लाला पहिल्याच दिवशी त्यांना दाखवावी.