फॉस्फो-ईजीएफआर अँटीबॉडी: कुपीला चार तारे, डीलरला एक

ईजीएफआर म्हणजे पेशीच्या पडद्यातला, वाढीचा निरोप आणणाऱ्या ईजीएफला पकडणारा रिसेप्टर. त्याच्या आतल्या शेपटीत टायरोसिन १०६८ या जागी फॉस्फेट लागलं की ते ओळखणारी ही अँटीबॉडी, सशात बनवलेली, १०० मायक्रोलिटरची कुपी. आली भर जुलैत. दोन दिवस डबा कुठल्याशा गोदामात, मग हिंदमाताला पाणी भरलं म्हणून कुरियरवाला अडकला. परळच्या आमच्या लॅबमध्ये पोचला तेव्हा जेल पॅक कोमट. डीलरला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, अँटीबॉडी आहे, आइस्क्रीम नाही." बदलून द्यायचं नावच नाही.

पण कुपीला नावं ठेवायला जागा नाही. ए४३१ पेशी (ईजीएफआर भरपूर असलेल्या कॅन्सरपेशी) रात्रभर सीरमशिवाय उपाशी ठेवल्या, मग पाच मिनिटं ईजीएफ दिलं. मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशींतली प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटीबॉडीने शोधायची. उपाशी पेशींची लेन जवळजवळ कोरी. शेजारी ईजीएफ दिलेल्या लेनमध्ये १७५ केडीएपाशी, म्हणजे ईजीएफआरच्या वजनापाशी, काळीभोर पट्टी. एकूण ईजीएफआर बघितला तर दोन्हीकडे सारखाच. म्हणजे रिसेप्टर तेवढेच, फक्त शेपटीला फॉस्फेट लागलं. ते लागलं की ग्रब२ या जोडणाऱ्या प्रोटीनचं एसएच२ डोमेन (फॉस्फेटवालं टायरोसिन पकडणारा भाग) तिथे येऊन बसतं आणि निरोप पुढे रास या प्रोटीनकडे जातो. खात्रीसाठी लायसेटला (फोडलेल्या पेशींच्या रसाला) लॅम्डा फॉस्फेटेज हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम लावलं, तर पट्टी गायब. अँटीबॉडी खरंच फॉस्फेटच बघते.

पहिला ब्लॉट मात्र मीच घालवला. सवयीने दूध पावडरीत ब्लॉक केलं, म्हणजे मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकल्या, आणि सगळा मेम्ब्रेन राखाडी. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट मिरवणारं प्रोटीन! बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. डेटाशीटवर लिहिलंय, पण मुंगीएवढ्या अक्षरात.

आता तक्रार. डीलरने आमच्या ज्युनियरला सांगितलं, "हिच्यात बाइंडिंगपण कळेल." बाइंडिंग म्हणजे ईजीएफवरची रिसेप्टरची पकड. कसलं कळतंय! मला हवं होतं ते वेगळंच. पीएमए हे रसायन दिलं की पीकेसी हे किनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) ईजीएफआरच्या थ्रिओनिन ६५४ वर, पडद्याला लागून आतल्या बाजूला, फॉस्फेट लावतं. आणि त्याच पेशींची बाहेर ईजीएफवरची घट्ट पकड सैल पडते. ती त्या एका फॉस्फेटमुळेच का, यावर जुना वाद आहे, आणि माझं कामही तिथेच अडलंय. त्यासाठी ६५४ ची वेगळी अँटीबॉडी लागते, आणि पकड मोजायला खूण लावलेलं ईजीएफ पेशींवर घालून बघावं लागतं. १०६८ ची पट्टी फिकी पडली म्हणजे पकड सुटली असं नव्हे. रिसेप्टरचं स्वतःचं किनेजच मंद झालेलं असू शकतं. सरांना हे समजावताना माझा एक लॅब मीटिंग गेला.

अँटीबॉडीचं पातळ केलेलं द्रावण फेकू नका. जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड घालून ४ अंशांवर ठेवलं; तिसऱ्या ब्लॉटलाही पट्टी आली, जरा फिकी.