सर्चबॉक्स की विषयवार यादी? वाचनालयाचा संग्रह ऑनलाइन ठेवण्याआधी याहू आणि अल्टाव्हिस्टा आठवून पाहा

जुनी वाचनालयं आता आपले दिवाळी अंक, स्मरणिका, बंद पडलेली साप्ताहिकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवू लागली आहेत. स्कॅनिंग उरकलं की बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : नुसता सर्चबॉक्स ठेवायचा की विषयवार यादी लावायची? यादीला माणूस लागतो, वेळ लागतो, म्हणून बहुतेकांचा कल सर्चबॉक्सकडे जातो. ‘गूगलसारखं करून द्या’ म्हटलं की विषय संपतो. माझ्या मते तो तिथे संपत नाही, कारण इंटरनेटवर नव्वदच्या दशकात नेमका हाच पेच पडला होता आणि त्याची उत्तरं आजही उपयोगी आहेत.

तेव्हा दोन घराणी होती. एक याहूचं. १९९४ च्या सुरुवातीला स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी, जेरी यांग आणि डेव्हिड फिलो, आपल्याला सापडलेल्या साइट्सची यादी करू लागले आणि त्या यादीची पुढे कंपनी झाली. पद्धत साधी : माणूस साइट उघडून बघणार आणि योग्य त्या खणात ठेवणार. वरच्या पातळीवर १४ विषय, त्यांच्या पोटात उपविषय. ही मांडणी लावण्याचं काम श्रीनिजा श्रीनिवासन यांच्याकडे होतं. त्या कंपनीच्या अगदी पहिल्या कर्मचाऱ्यांपैकी एक.

दुसरं घराणं अल्टाव्हिस्टाचं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीने १५ डिसेंबर १९९५ रोजी हे सर्च इंजिन लोकांसाठी खुलं केलं. स्कूटर नावाचा प्रोग्रॅम पानामागून पान गोळा करायचा आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाची नोंद व्हायची. पानातला मजकूर शब्दन् शब्द शोधणं वेबक्रॉलर या सर्च इंजिनने १९९४ मध्येच सुरू केलं होतं, पण अल्टाव्हिस्टाचा आवाका आणि वेग वेगळाच होता. अवतरणचिन्हांत वाक्प्रयोग द्या, नको तो शब्द उणे चिन्हाने वगळा, दोन शब्द जवळजवळ असलेली पानं मागा. ज्याला काय हवं ते नेमकं माहीत आहे, त्याच्यासाठी ती चैनच होती.

ज्याला ते माहीत नाही, त्याचं काय? वाचनालयात येणारा माणूस पुष्कळदा ‘आपल्या भागातल्या दुष्काळावर काही आहे का?’ असं विचारतो. त्याला लेखाचं नाव माहीत नसतं, लेखक माहीत नसतो. त्याला काय काय आहे ते बघायचं असतं. याहूच्या खणात शिरलं की शेजारच्या चार गोष्टी आपसूक दिसायच्या. सर्चबॉक्स रिकामा असतो. तो आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो.

मराठीला तर आणखी अडचण आहे. ‘पाणी’ टाइप करा. लेखात ‘पाण्यासाठी’, ‘पाण्याविना’ असेल तर साधा शब्दशोध हात हलवत परत येतो, कारण सामान्यरूप होताना ‘णी’चा ‘ण्या’ होतो आणि यंत्राच्या दृष्टीने तो वेगळाच शब्द असतो. अल्टाव्हिस्टासारखी तारका लावून ‘पाण*’ मागितलं, तर पाण्याबरोबर पाणबुडी आणि पाणउतारासुद्धा हाती लागतात. ‘ऱ्हास’मधला अर्धा र दोन वेगळ्या कळक्रमांनी उमटतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आतले संकेत निराळे. अ‍ॅ या अक्षराचंही तेच. शिवाय जुन्या छपाईवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका असतात त्या वेगळ्याच.

नव्वदच्या दशकात मराठी पानांची अवस्था यापेक्षा बिकट होती. वेगवेगळ्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसायचा, पण फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं असायची. स्कूटरच्या लेखी तो निव्वळ कचरा. असं पान सापडायचं ते कुणा माणसाने ते वाचून योग्य खणात ठेवलं म्हणूनच. मुंबईच्या इंडियावर्ल्डची ‘खोज’ ही भारतीय साइट्सची डिरेक्टरी, म्हणजे विषयवार यादी, म्हणूनच मोलाची होती.

‘पण गूगलने हे सगळं सोडवलं ना?’ इथे नीट पाहा. अल्टाव्हिस्टा मुख्यतः पानातले शब्द बघून क्रम लावायचं, त्यामुळे एकच शब्द शंभरदा लिहिणारे वर चढले. १९९८ मध्ये आलेल्या गूगलने एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून दुवे (लिंक) येतात ते मोजलं. म्हणजे यंत्राने माणसांचीच निवड मोजली, डिरेक्टऱ्यांमधल्या दुव्यांसकट. तुमच्या स्कॅन केलेल्या अंकांत एकमेकांकडे जाणारे दुवे नाहीत. १९७२ चा दिवाळी अंक १९८५ च्या स्मरणिकेला दुवा देत नाही. त्यामुळे तुमचा सर्चबॉक्स गूगलसारखा दिसला, तरी वागेल अल्टाव्हिस्टासारखा. समितीला हे आधीच सांगा.

याद्यांची दुखणीही खरी आहेत. जून १९९८ मध्ये सुरू झालेली, पुढे डीमॉझ नावाने ओळखली गेलेली डिरेक्टरी स्वयंसेवकांच्या बळावर सुमारे ३८ लाख साइट्सपर्यंत पोचली. संपादक ९० हजारांहून जास्त झाले. तरीही नव्या नोंदी रखडायच्या, एखाद्या विभागाचा संपादक निघून गेला की तो विभाग तसाच पडून राहायचा. याहूची डिरेक्टरी २०१४ मध्ये बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. तुमच्याकडे यादी सांभाळणारी एकच व्यक्ती असेल आणि ती पुढच्या वर्षी निवृत्त होणार असेल, तर तीन पातळ्यांचे उपविषय पाडूच नका.

दुष्काळावरची कविता कवितेत ठेवायची की शेतीत, यावरही वेळ घालवू नका. याहूत साइट एका खणात असायची आणि दुसऱ्या खणातून @ चिन्ह लावून तिकडे बोट दाखवलेलं असायचं. वाचनालयाच्या तालिकेत ‘अमुक विषय पाहा’ अशी नोंद असते, ती हीच.

तेव्हा ठरवायचं असं. संग्रह दोन-तीनशे अंकांचा असेल तर यादीच करा, सर्चबॉक्सची घाई नको. हजारोंत असेल तर वर दहा-पंधरा विषय आणि खाली सर्चबॉक्स. १९९६ पासून याहूनेही हेच केलं होतं : आधी आपल्या यादीत शोध, तिथे नसेल तर अल्टाव्हिस्टाचे निकाल. दैनिकांना विषय लावत बसू नका, तारीख पुरते.

आणि काम अनुक्रमणिकांपासून सुरू करा. प्रत्येक दिवाळी अंकाच्या संपादकाने लेख, लेखक आणि पान ही वर्गवारी तेव्हाच करून ठेवली आहे. आमच्या वाचनालयात आम्ही तिघांनी त्याच आधी टाइप केल्या आणि प्रत्येक लेखापुढे दोन-तीन विषयशब्द मूळ रूपात लिहिले : पाण्यासाठी नव्हे, पाणी. आता ‘पाणी’ शोधलं की दुष्काळाचे लेख वर येतात. पूर्ण मजकुराचं काम अजून सुरूच आहे, पण वाचक त्यासाठी थांबलेले नाहीत.