थ्रीएमचं रबिंग कंपाउंड: खांबाचा पिवळा गेला, बंपरचा काळा राहिला

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. थ्रीएमच्या रबिंग कंपाउंडची, म्हणजे गाडीच्या रंगावरचे ओरखडे घासून काढायच्या लेपाची, बाटली घ्या. मला चारशेच्या आत मिळाली, मशीन लागत नाही, आणि गॅरेजवाल्याने ज्या दाराचे साडेतीन हजार सांगितले होते ते दार घरच्या घरी झालं. पण ही बाटली सगळ्या चऱ्यांवरचा इलाज नाही, आणि थांबायचं कुठे ते कळलं नाही तर गाडीचं नुकसान करून बसाल.

आमची वॅगनआर आहे, मॅग्मा ग्रे. मुलुंड पूर्वेला जुन्या सोसायटीत राहतो. स्टिल्टखालची पार्किंगची जागा अशी की आरसे मिटले की गाडी दोन खांबांमध्ये जेमतेम बसते. कमिटीने खांब दिसावेत म्हणून त्यांना पिवळे-काळे ऑइल पेंटचे पट्टे मारले. लेक नुकतीच गाडी शिकली आहे. रिव्हर्स घेताना तिला उजवा खांब दिसला. डाव्याने मागच्या दारावर वीतभर लांब पिवळा पट्टा ओढला आणि त्याखाली बारीक ओरखडे.

इन्शुरन्समध्ये करून घ्या, असं हे म्हणाले. मी बँकेत आयुष्य काढलेलं, हिशोब मांडला. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला क्लेममधले पहिले हजार रुपये आपल्यालाच भरावे लागतात. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो. ती अशी चढते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असते, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर नाही, पण एक क्लेम केला की शिडी पुन्हा शून्यापासून. एका पट्ट्यासाठी कोण उतरणार खाली? गॅरेजवाल्याचं म्हणणं तर ‘मॅडम, पूर्ण दार रंगवावं लागेल.’ त्याने खाली वाकूनही बघितलं नव्हतं.

मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून बाटली आणि तीन-चार मायक्रोफायबरची फडकी आणली.

काम कसं चालतं ते समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं आहे. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस सहसा त्याहून जाड असतो. हलका ओरखडा या पारदर्शक थरातच असतो. कंपाउंड तो भरत नाही. त्यातले बारीक कण आजूबाजूचा थर घासून खाली आणतात, कडा बोथट होतात, उजेड सरळ परत येतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक वेळी तुम्ही क्लिअर कोट थोडा थोडा खर्च करताय, आणि तो परत भरून मिळत नाही. म्हणून माझा नियम: दोन पावलं मागे जाऊन दिसत नसेल तर झालं. नाक लावून शेवटची रेघ शोधायची नाही.

परीक्षा नखाची. चऱ्यावर आडवं नख फिरवा. अडकलं नाही तर कंपाउंडने जाईल. अडकलं तर फार तर फिका होईल.

दार आधी शाम्पूने धुतलं. ही पायरी अजिबात गाळू नका, कारण पत्र्यावर कण राहिले तर तुम्ही त्यांनीच घासताय. आमच्या आसपास रिडेव्हलपमेंटच्या तीन साइट चालू आहेत आणि गाडीवर रोज सिमेंटची पिठी बसते. दार सावलीत आणि थंड हवं. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच वाळतं आणि काढताना जीव जातो. दाराखालच्या काळ्या खरबरीत प्लास्टिकला आणि रबराला मास्किंग टेप लावली, कारण त्यात पांढरं कंपाउंड शिरलं की टूथब्रश घेऊन बसावं लागतं. बाटली चांगली हलवली, वाटाण्याएवढं कंपाउंड ओल्या फडक्यावर घेतलं, आणि तळहाताएवढ्याच जागेवर बेताच्या दाबाने घासलं.

फडकं पिवळं झालं आणि लेक घाबरली, रंग निघतोय म्हणून. अगं, गाडी राखाडी, फडकं पिवळं, म्हणजे खांबाचाच ना! थोड्याच वेळात पट्टा गेला. असा दुसऱ्याचा रंग चिकटलेला असतो तेव्हा डाग भयंकर दिसतो, पण खालचं नुकसान बहुतेक वेळा निम्मंही नसतं. गॅरेजमध्ये आधी हे पुसून दाखवत नाहीत, त्यात त्यांचा तोटा आहे.

फडक्यावर मात्र लक्ष ठेवा. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर घासताना गाडीचा स्वतःचा रंग फडक्यावर यायला लागला तर तिथेच हात उचला, तुम्ही खालच्या रंगापर्यंत पोचलात. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर तो थोडा येणारच. पांढऱ्या गाडीवाल्यांची पंचाईत अशी की कंपाउंडही पांढरंच. दाराची धार आणि चाकावरच्या कमानीची घडी इथे रंग पातळ असतो, तिथे जोर लावू नका.

पट्ट्याखालचे बारीक ओरखडे दुसऱ्या हातात बरेचसे गेले. एक लांब रेघ उरली आहे, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर दिसते. मी ती तशीच ठेवली.

खरी मजा आली दारांच्या हँडलमागच्या खोबणीत. दार उघडताना नखं, अंगठ्या, बांगड्या लागून तिथे जाळं झालेलं असतं आणि कोणी तिकडे बघत नाही. बोटाला फडकं गुंडाळून चारही खोबण्या घासल्या. गाडी दोन वर्षांनी लहान झाली असं यांनाही वाटलं, आणि हे सहसा काही बोलत नाहीत.

आता उणीव. गडद रंगावर कुठलंही रबिंग कंपाउंड हाताने घासलं की मागे हलकी धुरकट झाक राहते. सावलीत कळत नाही, उन्हात गाडी आली की कळते. तिच्यावर आणखी बारीक कणांचं पॉलिश आणि मग वॅक्स, असे दोन हात द्यावे लागतात. म्हणजे चारशेचं काम हजाराच्या आसपास जातं. चंदेरी किंवा पांढरी गाडी असेल तर पॉलिश नाही केलंत तरी कोणाला पत्ता लागणार नाही. काळी असेल तर कंपाउंड उघडण्याआधीच पॉलिश आणून ठेवा.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा टूथपेस्टवर विश्वास आहे. तिच्यातही घासणारे कण असतातच, मंद झालेली जागा थोडी उजळते, ओरखडा जागेवरच राहतो आणि गाडीला पुदिन्याचा वास येतो. थिनरचा सल्लाही मिळाला. तो अजिबात ऐकू नका. पूर्वी कधी गॅरेजमध्ये रंगवलेला भाग असेल तर थिनरने तो मऊ पडून उठू शकतो. शिवाय एका कंपनीची छोटी ‘स्क्रॅच रिमूव्हर’ ट्यूब मी आधी वापरली होती. लावल्यावर ओरखडे जादूसारखे गायब, पहिल्या पावसात सगळे हजर. अशा ट्यूबमध्ये भरणाचा भाग जास्त असतो, ते मेणासारखं चऱ्यात बसतं आणि धुतलं की निघतं. कुठल्याही पॉलिशवाल्याचं काम तपासायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून बघा. भरण असेल तर तिथेच उघडं पडतं.

आणि खांबापेक्षा जास्त ओरखडे कोण पाडतं सांगू? रोज पहाटे गाडी पुसणारा. एक बादली, एक फडकं, पंधरा गाड्या, वर सिमेंटची धूळ. उन्हात बॉनेटवर गोल गोल कोळिष्टकासारखं दिसतं ते त्याचंच. त्याचा दोष नाही, महिन्याला जे देतो त्यात दुसरं काय होणार. आम्ही त्याला आता सांगितलंय, रोज कोरडं पुसू नकोस, एक दिवसाआड भरपूर पाण्याने धू. तो खूश आहे.

मागच्या बंपरवर मात्र बाटली हरली. एलबीएस मार्गावर सिग्नलला बाइकवाला कडेने घुसला आणि त्याच्या फूटरेस्टने खालचं काळं प्लास्टिक दिसेपर्यंत रंग उडवला. जिथे रंगच नाही तिथे घासून काय उजळणार? त्याला गाडीवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड बघून टच-अप पेन आणावं लागेल. पत्रा उघडा पडला असता तर पावसाच्या आधी पळाले असते, आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. बंपर प्लास्टिकचा आहे, गंजत नाही. दिवाळीपर्यंत राहील तसाच.