सेकंडहँड 150-600 लेन्स, अकरा महिने वापरल्यावर

दूरचं जवळ आणून टिपणारी ही झूम लेन्स सप्टेंबर 2024 मध्ये घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतोय, कारण निम्म्या तक्रारी शेवटी माझ्याच निघाल्या.

वजन दोन किलोच्या आसपास. इथं सोलापुरात सिद्धेश्वर तलावावरच्या घारींवर हात बसवला आणि ऑक्टोबरमध्ये थेट चेन्नई, मरीना बीचवरचा हवाई दलाचा शो. तिथं हार्वर्ड उडालं. हे लढाऊ नव्हे, वैमानिक घडवणारं विमान. पुढं गोल रेडियल इंजिन, दोन्ही सीटांवर मिळून एकच लांब काचेचं छत, आणि प्रोपेलरचा असा करकर आवाज की मान वर करण्याआधीच ओळख पटते. जेटच्या सवयीनं शटर 1/1600 सेकंदावर ठेवलं होतं. फोटो लख्ख, पण प्रोपेलर खिळा ठोकल्यासारखा थांबलेला. इंजिन बंद पडून विमान खाली येतंय असंच वाटावं. पाती फिरताना दिसायला 1/160 च्या आसपास यावं लागतं आणि तिथं झूम पूर्ण ताणून 600 वर दहातले आठ फोटो हलतात. मग होटगी रोडला उभा राहून एसटी गाड्यांवर पॅनिंग, म्हणजे धावत्या गाडीसोबत कॅमेरा फिरवत टिपणं, शिकलो. “आरटीओचे का ओ?” असं दोघांनी विचारलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये उद्यान एक्स्प्रेसनं बेंगळुरू, येलहंका हवाई तळावरचं एरो इंडिया प्रदर्शन. दुपारी धावपट्टीवरचं प्रत्येक विमान पाण्यात बुडाल्यासारखं. लेन्स विकायचीच, असं ठरवून परतलो. एप्रिलच्या उन्हात भुईकोट किल्ल्याचा तोच बुरूज सकाळी सातला आणि दुपारी दोनला टिपला, तेव्हा उलगडलं: सकाळी दगडाची चीर न् चीर दिसते, दुपारी सगळं थरथरतं. दोष तापलेल्या हवेचा. विकायचं रद्द.

बेंगळुरूच्या त्याच फेरीत एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, संग्रहालयही पाहिलं. तिथं ही लेन्स बॅगेतच राहिली, कारण मारुत हे एचएएलचं जुनं लढाऊ जेट फ्रेममध्ये मावेना. काम जवळचं टिपणाऱ्या साध्या 18-55 लेन्सनं केलं. जुन्या फोटोंत मारुत आणि हंटर या ब्रिटिश लढाऊ जेटची गल्लत होते. हंटरचे हवा घेणारे तिकोनी झरोके पंखांच्या मुळाशी, मागे धूर सोडणारं नळकांडं एकच. मारुतचे झरोके कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना, मागे नळकांडी दोन. जर्मन अभियंता कुर्ट टँकनं आखलेलं मारुत 17 जून 1961 ला पहिल्यांदा उडालं. नॅट हे छोटं लढाऊ जेट आणि त्याचीच सुधारलेली आवृत्ती अजीत तर सख्खे भाऊच. त्यांच्यासाठी पंखांखाली वाका: अजीतला इंधन पंखांतच भरायची सोय केली, त्यामुळे शस्त्रं टांगायला खाली चार जागा झाल्या. म्हणून उभं विमान नुसतं बाजूनं टिपू नका, एक फोटो खालून, एक मागून घ्याच.

खरी तक्रार एकच. गळ्यात लटकवली की झूम आपोआप घसरतो, लॉक सैल आहे. धूळही आत गेली, पण सोलापुरात ती कुठं जात नाही? प्रवासात चादरीत गुंडाळतो, पॅडेड बॅगेपेक्षा बरी पडते. ट्रायपॉड मात्र शोला नेऊ नका. मागचे लोक शिव्या देतात, आणि विमान डोक्यावरून गेलं की तो वळतही नाही.